गौसचं माप

शमशुद्दीन तीरगर माझा शेजारी. त्येच्या घराची आन् माझ्या घराची भिंत एकच, आन् तीबी अशी पातळ की तो तिकडं लाकूड तासाय बसला की हिकडं माझं शिंकं हलायचं. मी म्हशीवाली बाई. पहाटं उठून गंगावेशीत दूध घालायचं, घरी येऊन शेणघाण काढायची, आन् दुपारी जरा डोळा लागतोय तवर ह्येचं खरर-खरर सुरू. मी भिंतीवर हात आपटून ओरडायची, "तीरगरमामा, बंदुकीचं राज्य आलं की आता. कुणाच्या उरात मारायचा हाय तीर?"

तिकडनं सावकाश आवाज यायचा, "तुझ्या म्हशीच्या, बनाक्का. रोज आमच्या दारात शेण टाकती."

असा माणूस. बुटका, हाडकुळा, आन् एक डोळा कायम बारीक केलेला. जन्मभर तीर डोळ्याला लावून सरळ हाय का वाकडा ते बघत आलेला, त्येला माणसांकडंबी तसंच बघायची सवय लागलेली. नव्या पावण्याला वाटायचं, ह्यो म्हातारा आपल्याला डोळा का मारतोय. माझा नवरा गुंडू तर पैल्यांदा भांडायलाच निघालता.

महाराज गादीवर हुते त्या काळातली ही गोष्ट. तवा तीर कोण घेत हुतं असं तुमाला वाटंल. घेत हुती माणसं. सरदार-इनामदारांच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्यात तीरकमान लागायचीच. कुणाला निशाण मारायचा नाद असायचा. रानातली शिकारी माणसं यायची, तीर घ्यायची आन् मध देऊन जायची. लई चालायचं असं न्हाय, पण चूल पेटायची.

बांबूचा तीर मामाला आवडायचा न्हाय. त्येला धामणीच्या झाडाचं लाकूडच पायजे. गगनबावड्याच्या रानातनं धामणीचं सरळ खोड आणायचा, पण त्येला करवत लावायचा न्हाय. कुऱ्हाडीनं फोडायचं आन् लाकूड आपल्या रेघंनं जसं उकलंल तसं उकलू द्यायचं. करवतीनं रेघ तुटती आन् मग तीर कमानीतच मोडतो, असं त्येचं म्हणणं. त्या कांबी पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायच्या. मग तासायच्या, काचंच्या तुकड्यानं खरडायच्या, निखाऱ्यावर तापवून गुडघ्यावर दाबून सरळ करायच्या. धामण वाकती लई, पण लवकर मोडत न्हाय.

मागं तीन पिसं लावायची, घारीची. ती तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची पायजेत. डाव्या पंखाचं पीस एकीकडं वळतं, उजव्याचं दुसरीकडं. दोन्ही मिसळली की तीर दारू प्याल्यागत जातो. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याला डाव्या पंखाची पिसं, डावऱ्या माणसाला उजव्या पंखाची, अशी त्येंच्या घरातली वाडवडलांपासनं चालत आलेली रीत.

आन् सगळ्यात मोठी रीत मापाची. गिऱ्हाईक पैल्यांदा आलं की त्येच्या छातीला काठी टेकवायची, दोन्ही हात फुडं लांब करायला लावायचं आन् बोटाच्या टोकापाशी खूण करायची. त्या लांबीचा एक तीर करून भिंतीला अडकवायचा. तो इकायचा न्हाय, कमानीला लावायचा न्हाय. त्येंच्यात त्येला 'माप' म्हणायचं. माणूस जिता हाय तवर त्येचं माप भिंतीवर. माणूस गेला की माप मोडायचं आन् त्येच्याबरुबर द्यायचं. घरच्या पुरुषांचीबी मापं तशीच, पण आतल्या खोलीत, चुलीफुडच्या भिंतीवर.

हंबीरराव इनामदार म्हणून मामाचं जुनं गिऱ्हाईक हुतं. ते वारलं तवा मामा त्येंचं माप घेऊन पंचगंगेच्या घाटावर गेला. कुणी बोलवलं नव्हतं. सरणाजवळ उभं राहून गुडघ्यावर तीर मोडला, तुकडं लाकडांत सारलं आन् घरी आला. मी म्हणलं, "मामा, तिकडं तुपाचं डबं ओतल्यात. तुझ्या काडीला कोण इचारतोय?"

मामा म्हणाला, "आक्का, मेलेल्याचं माप भिंतीवर ठिवलं तर तो वाट बघत ऱ्हातो. आन् जित्याचं मोडलं तर तो मेलाच म्हणायचा. आमच्या घरात असंच हाय."

मला ते खुळ्याचं बोलणं वाटलं. म्हशीला चारा घालायला गेले.

मामाची बायको बेगम प्लेगात गेली. सगळं कोल्हापूर गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलं हुतं, तितंच ती गेली. मागं एकच पोरगं, गौस. ते माझ्या म्हशींच्या दुधावर वाढलं, म्हणून की काय, बापाच्या डोक्यावरनं वर गेलं. बाप त्येच्या खांद्याला लागायचा. आन् पोरगं डावरं. जेवायचं उजव्यानं, पण कमान धरली की हात आपसूक बदलायचा. दर ईदला बाप त्येला भिंतीपाशी उभा करून नवं माप घ्यायचा. जुना तीर पोराला खेळाय मिळायचा आन् तो माझ्या म्हशीला लागायचा. मग मी शिव्या द्यायची, आन् दोघं बापल्योक भिंतीपल्याड तोंड दाबून हसायची.

गौसचं लगीन झालं, गडहिंग्लजची मेहमुदा घरात आली. बारीक चणीची, अबोल पोर. मामानं तिला पिसं निवडायचं काम दिलं. ढिगातनं डावी-उजवी येगळी करायची. मामा उजेडात धरून बघायचा, तरी चुकायचा. ही पीस नुसतं ओठाला लावायची, हळूच फिरवायची, आन् बाजूला टाकायची. कवाच चुकायची न्हाय. मी इचारलं, "काय कळतंय गं ओठाला?" म्हणाली, "सांगता येत न्हाय मावशी. एक ओढतंय, एक ढकलतंय." मीबी लावून बघितलं. मला नुसती शिंक आली.

मग इंग्रजांची ती लांबची लढाई सुरू झाली. गावोगाव भरतीचं ढोल वाजाय लागलं. गौस म्हणाला, मी जाणार. मामा त्येच्यासंगं बोलायचाच बंद झाला. एका घरात दोन माणसं, आन् निरोप मेहमुदाकडनं. पण जायच्या दिवशी सकाळी मामानं पोराला भिंतीपाशी उभा केला आन् छातीला काठी लावली.

"आता काय माप घेताय अब्बा? मी अजून वाढणार हाय व्हय?" गौस म्हणाला.

"गप उभा ऱ्हा."

जुनं माप धुरानं काळं पडलं हुतं. ते काढून मामानं नवं केलं, त्येला उजव्या पंखाची पिसं मेहमुदानं निवडून दिली. चुलीफुडच्या भिंतीवर दोन खिळं. एकावर बापाचं आखूड माप, दुसऱ्यावर पोराचं, त्येच्यापरास वीतभर लांब. मामा गौसला म्हणाला, "ह्ये हितं हाय तवर तू हाईस. आता जा, आन् ये."

तो गेला तो गेलाच.

आमच्या शेजारच्या गावचा आकाराम त्येच्यासंगं हुता. तो एक पाय तिकडंच ठेवून परत आला. कुबडीवर टेकत मामाच्या दारात आला, मी बाहेरच हुते. म्हणाला, "बसऱ्याच्या वर नदीत आमची नाव उलटली. गौस माझ्या म्होरंच बसलाता. म्या हाका मारल्या. वर आलेला दिसला न्हाय."

मामानं तासायचं थांबवलं न्हाय. "बुडालेला बघितलास?"

"न्हाय मामा. पण..."

"मग झालं," मामा म्हणाला, आन् आकारामला पाणी दे म्हणून मेहमुदाला हाक मारली.

ती दारामागंच उभी हुती. तिनं पाणी आणून दिलं. रडली न्हाय. रडायचं का न्हाय तेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता बघा त्या पोरीची गत. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसली. सवाष्ण म्हणावी तर नवरा न्हाय, रांडाव म्हणावी तर सासरा तोंडावर हात ठेवतोय. वर्स गेलं, दुसरं गेलं. लढाई थांबली, गेलेली माणसं आली, न्हाय ती न्हाय आली. तिचा भाऊ ख्वाजा गडहिंग्लजनं येऊन बसायचा. त्येनं एक स्थळ बघून ठिवलं हुतं, बांगड्यांचा येपार करणारा, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस चांगला. जमातीतली जाणती माणसं म्हणाली, बापानं पोरगा गेला असं म्हटलं तर आमची ना न्हाय. इद्दतीचं चार महिनं धा दिवस धरू द्या, मग निकाह लावू. सगळं त्या एका खिळ्यावर अडकलं हुतं. मामानं गौसचं माप मोडलं तर मेहमुदा मोकळी. न्हाय मोडलं तर तिचा जल्म त्या चुलीफुडं जाणार.

आन् ती बया तरी कसली. ख्वाजा म्हणाला, चल तशीच. तर म्हणती, अब्बा माप मोडत न्हाईत तवर मी हितली सून.

एक दिवस माझ्या गोठ्यात आली. मी धार काढत हुते. म्हणाली, "मावशी, बांगड्या टिचल्यात. नव्या भरू का नको, एवढं कुणीतरी सांगा मला."

माझा हातच थांबला. असला राग आला, कुणावर ते देव जाणे. तशीच उठले, दुधाचं हात घेऊन मामाच्या फुडं जाऊन उभी राहिले. म्हणलं, "तुझं पोरगं गेलं मामा. सगळ्या कोल्हापूरला ठावं हाय. ह्या पोरीला का जितं गाडतोस? मोड ते माप."

मामानं त्येचा बारीक डोळा माझ्याकडं लावला. "आक्का, नदीत गेला असंल तर नदीनं मारला. माझ्या हातानं मारू व्हय मी त्येला?"

मी म्हणलं, "मग तिला मार." आन् घरी आले. 

त्यानंतर किती दिवस गेलं ते ठावं न्हाय. एका सकाळी मामा आपणहून माझ्या दारात आला. कवा यायचा न्हाय. उंबऱ्यावर बसला.

"आक्का, ती पिसं निवडती न्हवं," म्हणाला. "काम न्हाय सध्या. कोण घेतंय तीर. तरी निवडत बसती. डावी-उजवी येगळी करती, झाली की परत ढीग एक करती, आन् परत निवडती. काल बघितलं. दिवसभर तीच पिसं. तीच." मग म्हणाला, "ख्वाजाला बोलीव."

ख्वाजा आला, जमातीतली चार माणसं आली, मी आन् गुंडू. अंगणात सगळी बसली. मामा आत गेला, लई वेळ आतच हुता. बाहेर आला ते एका जुन्या शालीत गुंडाळलेलं माप घेऊन. शाल काय काढली न्हाय त्येनं. तसंच गुडघ्यावर घेतलं आन् दाबलं. धामणच ती. वाकली, मोडली न्हाय. परत दाबलं. मग उभा राहिला, जमिनीवर टेकवून पायाखाली घेतलं आन् सगळा भार दिला. कट्‌कन आवाज झाला. मामा खाली बसला, जणू पायातलं हाडच गेलं.

"गौस गेला," म्हणाला. "माझ्या सुनेला मोकळं करा."

मी पदर डोळ्याला लावला. जमातीतल्या माणसांनी तोंडातल्या तोंडात काय ते म्हणलं. मेहमुदा फुडं आली, शालीतनं पिसांकडचा तुकडा उचलला आन् ओठाला लावला. मला वाटलं, नवऱ्याच्या नावाचा मुका घेतला. मग तिनं सासऱ्याकडं बघितलं. मामानं खाली मान घातली. तिनं तो तुकडा परत शालीत ठिवला, डोळ्यातनं टिपूस न्हाय काढलं. मी मनात म्हणलं, कसली दगडाची पोर हाय ही.

"पाण्यात गेला, पाण्यातच सोडतो," असं म्हणून मामा ती शाल घेऊन पंचगंगेला गेला. कुणाला बरुबर येऊ दिलं न्हाय.

इद्दत सरली, निकाह झाला. जाताना मेहमुदानं मामाचा हात धरला, आपल्या डोळ्यांवर ठिवला आन् लई वेळ सोडला न्हाय. तिच्या हातात हिरव्या बांगड्या हुत्या. मामा म्हणाला, "जा पोरी. दम धरून ऱ्हा." गाडी गेल्यावर तो आत गेला आन् दार लावलं.

त्या दिवसापासनं भिंतीपल्याडचं खरर-खरर बंद. इतकी वर्सं त्या आवाजाला शिव्या घातल्या, आन् आता दुपारी मला झोप येईना. मी उगंच भिंतीवर हात आपटायची, "मामा, मेलास का जिता हाईस?" आतनं कवा खोकला यायचा, कवा काय न्हाय. मी भाकरी-कोरड्यास नेऊन द्यायची. एकदा चुलीफुडच्या भिंतीकडं बघितलं, तर दोन्ही खिळं मोकळं.

"मामा, तुझं माप कुटं हाय?"

"कीड लागली," म्हणाला. "नवं करतो."

"कर की मग. बिनमापाचा माणूस बरा दिसत न्हाय तुमच्यात."

तो हसला. नवं काय केलं न्हाय. म्हातारा झालाय, हात चालत न्हाय, असं मी धरून चालले.

थंडीत खोकला वाढला. हाडाची काडं झाली. मी गडहिंग्लजकडं जाणाऱ्या गाडीवाल्याजवळ निरोप धाडला आन् मेहमुदा आली. नवरा सोता सोडायला आलता आन् हितंच राहिला, खरंच चांगला माणूस. तिनं पोटच्या लेकीसारखं केलं मामाचं. सगळं अंथरुणातच, पण नाकाला कवा पदर लावला न्हाय. एक दिवस मामानं तिला इचारलं, "सुखात हाईस न्हवं?" ती म्हणाली, "व्हय अब्बा." मामानं डोळं मिटलं. परत लई बोलला न्हाय. दोन-तीन दिवसांनी सकाळी, उन्हं अंगणात आल्यावर गेला.

मयत धुतली, कफन झालं. आता त्येचं माप मोडून बरुबर द्यायचं. जमातीतला एक म्हातारा म्हणाला, ह्या असल्या रिती कशाला. दुसरा म्हणाला, त्येच्या सात पिढ्या असंच करत आल्यात, असू दे. पण माप कुटं हाय? खिळं मोकळं. मी म्हणलं, कीड लागली म्हणत हुता, ठिवलं असंल कुटंतरी. अंथरूण काढाय गेले तर वाकळंखाली, भिंतीच्या कडंला, फडक्यात गुंडाळलेलं लागलं हाताला. सोडलं. आन् मी बघतच राहिले.

तीर हुता. सरळ, तेल लावून पुसलेला, कीड कसली न्हाय. पण मामाचा नव्हता. मामाच्या हाताच्या मानानं लई लांब. उभा धरला तर माझ्या कमरंला लागत हुता.

"अगं, ह्ये तर गौसचं," मी म्हणलं. "ह्ये तर मोडलं हुतं. आपल्या म्होरं मोडलं हुतं."

मेहमुदानं तीर माझ्या हातनं घेतला. पिसं ओठाला लावली न्हाईत. गरजच नव्हती. "त्या दिवशी अब्बांनी आपलं मोडलं मावशी," ती म्हणाली. "डाव्या पंखाची पिसं हुती. म्या लावून बघितलं."

 तिनं मुका घेतलाच नव्हता. आन् म्या तिला मनातल्या मनात दगड म्हणलं हुतं.

"मग बोलली का न्हाईस गं?"

"बोलले असते तर अब्बा आत जाऊन ह्ये घेऊन आले असते. मोडलंबी असतं, माझ्यासाठी. मग ते जगले नसते." मग म्हणाली, "आन् मला जायचं हुतं मावशी. खोटं कशाला सांगू. मला जगायचं हुतं. पण तिकडं रोज मनात यायचं, ह्ये हितं कुटंतरी सरळ हाय."

तवा मला सगळं कळलं. त्येंच्या घरात ज्याचं माप मोडलं तो मेला. पोराला मारायला लावलं आमी सगळ्यांनी, मी तर सगळ्यांच्या फुडं, तर ह्या म्हाताऱ्यानं आत जाऊन सोताला मारलं आन् पोराला वाकळंखाली जिता ठिवला. सुनंला सोडलं आन् पोरालाबी सोडलं न्हाय. आन् मी त्येला रोज भिंतीवरनं इचारत हुते, मेलास का जिता हाईस.

बाहेर माणसं खोळंबली हुती. मेहमुदा तीर घेऊन उंबऱ्यावर आली. म्हातारा म्हणाला, "पुरुष माणसानं मोडायचं असतंय."

"पुरुष कुटं उरलाय ह्या घरात?" मी म्हणलं. म्हातारा बाजूला झाला.

एक टोक तिनं धरलं, एक म्या. मधी तिनं गुडघा लावला. धामण वाकली, लई वाकली, मोडंना. माझं हात भरून आलं. मी म्हणलं, "बास कर आता बाबा, दमलो आमी." तवा मोडली.

माणसं मयत घेऊन गेली आन् बापाच्या कबरीवर पोराचं माप ठेवून आली. बापाचं कवाच नदीला गेलं हुतं. म्हंजे त्या सकाळी खरं तर गौस मेला. मेहमुदा दारात बसली, आन् इतक्या वर्सांनी पैल्यांदा आपल्या पैल्या नवऱ्याचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. दुसरा नवरा अंगणात खाली मान घालून उभा हुता. त्येनं तिला रडू दिलं. मी तिला धरून बसले, म्हशी हंबरत हुत्या तरी उठले न्हाय.